वकील त्यांचा, वकिली कुणाची?

वकील हा आपल्या भाषेतला एकच शब्द दोन माणसांना पुरतो. एक काळा डगला घालून कोर्टात उभा राहतो. दुसरा आपल्या राजाचे पत्र घेऊन परक्या दरबारी जातो. पेशवाईतल्या कागदांत वकील म्हणजे बहुधा हा दुसराच. पुढे दरबार गेले, कोर्टे आली, आणि या दुसऱ्या वकिलाचा आपल्याला पार विसर पडला. त्याची खूण तेवढी ‘वकिलात’ या शब्दात राहिली. त्या शब्दाचाही आज घरोघरी एकच अर्थ शिल्लक आहे: जेथे व्हिसा मिळतो, किंवा मिळत नाही, ती जागा. माझे भांडण या अर्थाशी आहे.

सणासुदीला भांडण काढू नये हे मला कळते. पण परदेशी गेलेल्या मुलाबाळांची आठवण सणासुदीलाच अधिक निघते. चकल्या-करंज्यांचा डबा कुरिअरने धाडायचा, तिकडे रात्र असेल की दिवस याचा हिशेब करून व्हिडिओवर लक्ष्मीपूजन दाखवायचे, आणि मग पाटावर बसल्यावर कुणीतरी म्हणायचे, ‘त्या वकिलातवाल्यांनी यंदा व्हिसा दिला असता तर आपणच नसतो का गेलो?’ विषय घरात आधीच येऊन बसलेला आहे. मी तो फक्त पुढे सरकवतो. मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या शाळामास्तराने परराष्ट्रकारणावर लिहू नये असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा. मी ज्या गावात राहतो त्याच्या शिवेजवळून परराष्ट्रकारण अडीचशे वर्षे ये-जा करीत आले आहे.

गाव पळस्पे, पनवेलच्या पलीकडचे. लोकांना गाव ठाऊक नसते, फाटा ठाऊक असतो. तेथून एक रस्ता बोरघाट चढून पुण्याला जातो आणि दुसरा कोकणातून गोव्याला. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली, आणि तो विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे. म्हणजे आमच्या फाट्याला आता आभाळातला तिसरा रस्ताही फुटला म्हणायचा. झेरॉक्सच्या दुकानांतून सातबाराच्या उताऱ्याशेजारी व्हिसाचे फॉर्म भरून मिळू लागले ते उगीच नव्हे.

असाच एक फॉर्म आमच्या आळीतल्या एका काकूंनी भरला होता. मुलगी तिकडे, पहिलटकरीण. देशाचे नाव सांगत नाही. युरोपातला होता एवढे पुरे. अर्ज नाकारला गेला. कारणांच्या छापील यादीतल्या एका चौकोनात खूण केलेली होती, की मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याची आम्हांला खात्री वाटत नाही. काकू तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘मास्तर, घर इथे, शेत इथे, यांचे औषधपाणी इथे. मी तिकडे कशाला राहीन हो?’

या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस त्या खिडकीत नसतो. खिडकीत असतो तो आपलाच एखादा पोरगा, मध्यस्थ कंपनीचा नोकर. तो कागद मोजून घेतो, बोटांचे ठसे घेतो, पावती देतो. ठरवणारा आत कुठेतरी बसलेला असतो आणि त्याने काकूंचे तोंडही पाहिलेले नसते. २०२४ या एका वर्षात शेंगेन देशांकडे भारतातून ११ लाखांवर अर्ज गेले. त्यांतले १ लाख ६५ हजारांवर नाकारले गेले, आणि त्यांपैकी ३१ हजारांवर एकट्या फ्रान्सने. फी मोठ्या माणसाला ९० युरो. अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. देवळातल्या पेटीत टाकलेल्या पैशासारखी ती गेली ती गेली.

आता गंमत पाहा. हाच फ्रान्स २०३० पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत आणायचे असे जाहीर करून बसला आहे. एका हाताने तीस हजारांना ‘या’ म्हणायचे, दुसऱ्या हाताने एकतीस हजारांना ‘थांबा’ म्हणायचे. दोन्ही अर्ज वेगळ्या जातीचे आहेत हे खरे. विद्यार्थी लांब मुदतीचा व्हिसा मागतो, पाहुणा थोड्या दिवसांचा. पण दोहोंमागचा हिशेब एकाच वहीतला आहे. विद्यार्थी फी भरतो, खोलीचे भाडे भरतो, शिकून त्यांच्याच कारखान्याच्या कामी येतो. लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन निघालेली आई त्या वहीत कोणत्या खात्यावर मांडायची?

याबद्दल फ्रेंचांवर रागवायला मी तयार नाही. काकूंचे दुःख खरे आहे, पण आपण त्यातून काढतो तो निष्कर्ष खोटा आहे. आपण समजतो की परकी वकिलात आपल्यासाठी उघडलेली असते आणि ती आपले काम नीट करीत नाही. ती आपल्यासाठी उघडलेलीच नसते. वांद्रे-कुर्ला संकुलातली फ्रेंच वकिलात ही फ्रेंचांची आहे, फ्रेंचांसाठी आहे, आणि ती आपले काम चोख करते. आपण तिच्या मागच्या दाराशी उभे राहून पुढचे दार कधी पाहिलेच नाही.

पुढच्या दारी काय चालते ते सांगतो. १६८१ साली, म्हणजे इकडे रायगडावर शंभूराजांचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी, फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या राजवटीत सागरी व्यवहाराचा मोठा कायदा झाला. परक्या बंदरात बसलेल्या फ्रेंच कॉन्सलने काय करावे यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हापासून फ्रेंच कॉन्सल म्हणजे परक्या मुलखातल्या आपल्या माणसांचा पाटील, तलाठी आणि कुळकर्णी, सगळे एका अंगरख्यात. फ्रेंच बाई परमुलखात बाळंत झाली, मुलाची नोंद त्याच्या दप्तरी. लग्न लागले, नोंद. माणूस मेला, नोंद, आणि त्याच्या सामानसुमानाची चौकशी. फ्रेंच माणूस परक्या तुरुंगात पडला, तर भेटायला जाणारा हाच. जगभरातल्या फ्रेंच वकिलातींच्या वह्यांत सुमारे १७ लाख फ्रेंचांची नावे आहेत.

आणि मतदान! मला खरे थक्क केले ते याने. देशाबाहेर राहणाऱ्या फ्रेंचांसाठी त्यांच्या लोकसभेत ११ जागा राखलेल्या आहेत आणि सेनेटमध्ये १२. २०१२ सालापासून परदेशस्थ फ्रेंच माणूस आपला स्वतःचा खासदार निवडतो. सारे जग त्यांनी अकरा मतदारसंघांत वाटून घेतले आहे, जसे आपण जिल्हा वाटतो तसे. भारत अकराव्यात पडतो. निवडणूक आली की मतपेटी वकिलातीत येते.

पुदुच्चेरीचे उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्रेंचांनी ते गाव आपल्या हवाली केले. १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायद्याने कागद पुरा झाला. त्या वेळी तेथल्या लोकांना मुभा होती की सहा महिन्यांच्या आत कळवा, फ्रेंच राहायचे असेल तर राहा. काही हजार माणसे राहिली. नावे तमिळ, जेवण तमिळ, पासपोर्ट फ्रेंच. राज्य गेले, झेंडा उतरला, पण फ्रान्सचा कॉन्सल तेथे आजही बसलेला आहे. फ्रेंच सैन्यात नोकरी केलेल्या म्हाताऱ्यांची पेन्शन त्याच्या देखरेखीखाली चालते, १८२६ सालापासूनची फ्रेंच शाळा चालते, आणि पॅरिसात राष्ट्राध्यक्ष निवडायचा असला की पुदुच्चेरीत वेष्टी नेसलेले आजोबा रांगेत उभे राहून मत टाकतात. मुलूख सोडला, माणूस सोडला नाही. त्यांच्या साम्राज्याचे गोडवे मी गात नाही; त्यांनी इंडोचायनात आणि अल्जीरियात काय केले ते जगजाहीर आहे. पण आपल्या माणसाचा हिशेब ठेवण्याची ही जी चिकाटी आहे तिला नाव ठेवायला मला जागा सापडत नाही.

आता आपली तऱ्हा. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते, २०११ पासून येते. मात्र मत टाकायला त्याने आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहायचे! मस्कतला पाइप जोडणाऱ्या म्हसळ्याच्या मुलाने रजा काढावी, तिकीट काढावे, आणि शाईचे बोट घेऊन परत जावे. मुखत्यारामार्फत मत देता यावे म्हणून एक विधेयक २०१८ साली लोकसभेने संमत केले. राज्यसभेत ते संमत होण्यापूर्वीच लोकसभेची मुदत संपली, आणि विधेयक बारगळले. त्यासाठी कुठे सभा झाली, कुठे मोर्चा निघाला? व्हिसा नाकारला तर मात्र आपण आठ दिवस बोलतो.

कुणी म्हणेल, ही कला आपल्या रक्तात नाही. साफ खोटे. हिंदुस्थानात वकिली करावी तर मराठ्यांनी. दिल्लीला हिंगणे, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे. पुण्यात बसून नाना फडणीस हैदराबादच्या जनानखान्यातली कुजबुज ऐकत असत म्हणा ना. पण ही दृष्टी समुद्रापाशी येऊन थांबली. तेथेच आपण फ्रेंचांच्या पाशात पडलो, आणि वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो की फ्रेंच आपले मित्र होते, बिचाऱ्यांची मदत वेळेवर पोचली नाही एवढेच. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी हा समज दुधातुपावर पोसला आहे. कादंबरी मीही लिहितो, म्हणून मला हे अधिक टोचते.

झाले ते असे. १७७७ च्या मार्चमध्ये चौलच्या बंदरात एक फ्रेंच जहाज लागले. चौल म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यातले, अलिबागेपलीकडचे. जहाजातून सेंट लुबिन नावाचा गृहस्थ उतरला. फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून तो मे महिन्यात पुण्यास पोचला. दरबाराने त्याचा मान राखला. जहाजात विकायचा मालही होता, हे ध्यानात ठेवा; ते पुढे कामाला येईल. ग्रँट डफने त्याच्या बोलीचे आकडे नोंदले आहेत: २,५०० गोरे सैनिक फ्रान्सहून आणतो, १०,००० शिपायांची कवायती पलटण उभी करतो, दारूगोळा म्हणाल तेवढा. बदल्यात हवे होते बंदर. हा लुबिन पूर्वी मद्रासकडे आणि हैदराकडे वावरलेला, बोलण्यात तरबेज, आणि बोलण्याइतके वजन पदरी नसलेला मनुष्य होता. फ्रान्सच्या दरबारालाही त्याने आपल्या बोलण्यानेच वश केले होते.

नानांनी त्याच्यावर विश्वास ठेवला असे मला वाटत नाही. नाना इतके भोळे नव्हते. पुरंदरचा तह होऊन वर्ष झाले होते, इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यात येऊन बसला होता, आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला होते. अशा वेळी शेतात बुजगावणे उभे करावे तसा नानांनी हा फ्रेंच वकील पुण्यात उभा केला. इंग्रज खरोखरच बुजले. पण बुजलेले पाखरू उडून जाते आणि बुजलेला इंग्रज पलटण घेऊन येतो, हा फरक महागात पडला. फ्रेंचांचे पाऊल पुण्यात पडते आहे ही ओरड करून हेस्टिंग्जने १७७८ साली काल्पीहून अख्खी फौज हिंदुस्थान ओलांडून पश्चिमेकडे धाडली, आणि मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांना पुढे घालून नोव्हेंबरात कूच केले. लढाईचे मूळ फ्रेंच वकील नव्हे, राघोबादादांचा गादीचा हट्ट. पण सरपण गोळा झालेले असताना काडी पुरवली ती लुबिनने.

ती मुंबईची फौज पनवेलला उतरली. पनवेलहून बोरघाटाकडे जायचे तर वाट आमच्या अंगणावरून जाते. तोफा ओढणारे बैल, पालख्या, बाजारबुणगे, सारे आमच्या शेतांच्या कडेने गेले असणार. तेव्हाच्या पळस्प्याच्या कुणब्याला काय ठाऊक, की आपल्या बांधावरचे हे गवत चौलला उतरलेल्या एका फ्रेंचापायी तुडवले जात आहे! पुढचे सर्वांना पाठ आहे. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी इष्टुर फाकडा पडला, तळेगावाहून इंग्रज मागे फिरले, आणि वडगावला महादजी शिंद्यांपुढे त्यांना तहाचा कागद लिहून द्यावा लागला. विजय पुरता आपला. त्यात फ्रान्सच्या राजाची एक गोळी नव्हती, एक शिपाई नव्हता. वकीलसाहेबांना नानांनी १७७८ च्या पावसाळ्यातच निरोप दिलेला होता. फ्रान्सची इंग्रजांशी लढाई तेव्हा अमेरिकेपायी जुंपली होती, आणि त्यांचे स्वतःचे पुदुच्चेरीच त्या ऑक्टोबरात इंग्रजांनी घेतले.

माझा आक्षेप नानांच्या चतुराईवर नाही. माझा आक्षेप असा, की लुबिनच्या पाठीमागे खरेच कोण आहे, किती पैसा आहे, किती गलबते आहेत, हे पाहायला पुण्याने पॅरिसला माणूस धाडला नाही. आणि धाडता येत नव्हता असेही नाही. ज्या राघोबादादांना आपण घरभेदी म्हणतो, त्यांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील एका पारशी गृहस्थासोबत थेट लंडनला धाडला. १७८१ साली एडमंड बर्कने त्याची व्यवस्था आपल्या बंगल्याच्या आवारातल्या काचघरात केली, कारण त्याला सोवळ्यात स्वयंपाक करायचा होता. सोवळे सांभाळूनही समुद्र ओलांडता येत होता, वाचकहो! टिपूने आपले तीन वकील फ्रान्सला पाठवले. १७८८ च्या ऑगस्टात व्हर्सायला राजाने त्यांना भेट दिली, आदरसत्कार केला आणि रिकाम्या हातांनी परत पाठवले. टिपूला निदान तिजोरीचा तळ दिसला. वर्षभरात तेथे राज्यक्रांती झाली. पुण्याला मात्र मोंतिग्नी नावाचा दुसरा फ्रेंच वकील येऊन राहिला आणि आपण त्याच्याशीही बोलत बसलो. इंग्रजांनी यातून काय धडा घेतला तो सालबाईच्या तहात पाहा. १७८२ साली त्यांनी पेशव्यांकडून कबूल करून घेतले की पोर्तुगीज सोडून दुसऱ्या कोणत्याही युरोपियन राष्ट्राला तुमच्या मुलखात वखार घालू द्यायची नाही. रणात हरलेले लोक कागदावर एक दार बंद करून गेले.

यानंतर जे घडले ते आठवले म्हणजे आजही अंगावर काटा येतो. ८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला की फ्रान्सचा कायदा लागू, इंग्रजांचा हात तेथवर पोचत नाही, असा त्यांचा अजमास कायद्याने बरोबर होता. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि परत बोटीवर नेऊन दिले. पॅरिसात मादाम कामा होत्या, मार्क्सचा नातू जाँ लाँगे वर्तमानपत्रातून लिहीत होता. ओरड झाली, फ्रान्सने कैदी परत मागितला. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: कैदी परत देण्यात चूक झाली खरी, पण त्यामुळे इंग्रजांवर तो परत करण्याचे बंधन नाही. सावरकरांचे राजकारण कुणाला पटो वा न पटो, येथे मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की त्या लवादापुढे दोन सरकारे एका मराठी माणसावर भांडत होती आणि त्या माणसाच्या बाजूचा वकील कुणी नव्हता. कागदोपत्री तो ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे परक्या बंदरात त्याचे रक्षण करायचे तर ते ब्रिटिश कॉन्सलने करायचे! गाईने कसायाकडे दाद मागावी तशातला प्रकार.

त्या मार्से शहरात १२ फेब्रुवारी २०२५ रोजी भारताची वकिलात उघडली. छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली, पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँ शेजारीशेजारी. उडीला तोवर ११४ वर्षे उलटून गेली होती. आनंद मलाही झाला. पण दुसऱ्या दिवशीच्या गप्पांत मी काय ऐकले? ‘आता मार्सेचा व्हिसा सोपा होईल का?’ अहो, आपली वकिलात आपल्याला फ्रान्सचा व्हिसा कशी देईल! शिकले-सवरलेले लोक हे विचारतात, याला मी शाळामास्तर म्हणून काय म्हणावे? आपल्या नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामपंचायतीपासून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत सर्व काही येते, पण परदेशात पासपोर्ट हरवला, पगार बुडाला, पोलिसांनी पकडले, तर कुणाचे दार ठोठावायचे हे मुलांना कुणी सांगत नाही. आणि आमच्या जिल्ह्यातले तर कितीतरी तरुण बोटीवर आणि आखातात जाणारे!

हे दार किती मोलाचे आहे याचा पुरावा पुन्हा हेगनेच दिला. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम सांगते, की परदेशी माणसाला पकडले तर त्याला त्याच्या कॉन्सलला भेटू दिले पाहिजे. कुलभूषण जाधवांना पाकिस्तानने ती भेट नाकारली, २०१७ मध्ये फाशी सुनावली. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हरीश साळव्यांनी एक रुपया घेऊन बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने सांगितले की पाकिस्तानने करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करा, कॉन्सलला भेटू द्या. १९११ चे हेग आणि २०१९ चे हेग. दोन्ही वेळी मराठी माणूस, दोन्ही वेळी परकी कोठडी. मधल्या काळात फरक पडला तो एवढाच, की पाठीशी स्वतःचे राष्ट्र उभे होते. कोठडी त्याने उघडली नाही हे खरे, पण फास थांबला.

तेव्हा आपल्याला वकिलाती नाहीत असे नाही. १९९० साली कुवेतहून पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे आणली, २०२२ साली युक्रेनमधून हजारो विद्यार्थी आणले. आग लागली की आपले लोक धावतात, उत्तम धावतात. नित्याचे पाणी भरायचे काम मात्र ढिले आहे, कारण ते मागणारे कुणी नाही. फ्रेंच माणूस आपल्या कॉन्सलला जाब विचारतो, कारण त्याच्या हातात मत आहे.

आता लुबिनच्या जहाजातला तो माल. फ्रेंच वकील आपल्याकडे कधी रिकामा आलेला नाही. माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्याच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या, शेवटची ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. तो सौदा मला बरा वाटतो. लोखंड आपल्या कामगारांच्या हातांखालून गेले. पण ६ डिसेंबर २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी येऊन जैतापूरच्या सहांपैकी पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा करार झाला, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या, त्याचे काय? त्याच जातीची भट्टी फ्रेंच स्वतःच्या घरी, फ्लामानव्हीलला, २००७ पासून बांधीत होते. ती २०१२ ला पुरी व्हायची होती. २०२४ च्या डिसेंबरात तिची वीज तारेत आली. खर्च ३३० कोटी युरोंवरून १,३२० कोटींवर गेला. इकडे माडबनच्या लोकांनी मोर्चे काढले, २०११ मध्ये साखरी नाट्यात गोळीबारात एक जीव गेला, बाजूने आणि विरुद्ध रकानेच्या रकाने लिहिले गेले. आणि ही फ्लामानव्हीलची रडकथा फ्रेंच वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येत असताना ती मूळातून वाचून मराठीत सांगणारे आपल्याकडे किती निघाले?

आणि फ्रेंच शिकणारी मुले तर आपल्याकडे गल्लोगल्ली! अकरावीला मराठी सोडून फ्रेंच घ्यायचे, कारण फ्रेंचला मार्क पडतात. क्रियापदांची रूपे घोकायची, पेपरात ओकायची, आणि निकाल लागला की पुस्तक रद्दीत. ना धड मराठी, ना धड फ्रेंच. फ्रेंचांनी आपली भाषा जगभर पोचवायला १८८३ साली आलियाँस फ्राँसेज ही संस्था काढली, ती मुंबईतही आहे, पुण्यातही आहे; वकिलातीचाच तो मऊ हात. त्यांचा माणूस आपली भाषा शिकवायला आपल्या दारी येतो, आणि आपला मुलगा ती शिकून त्यांचे घर वाचायला जात नाही. फ्रेंच शिकू नये असे मी म्हणत नाही. पोटतिडकीने म्हणतो की शिकाच, पण बसवलेल्या मार्कांसाठी नव्हे. मराठी पक्के ठेवून फ्रेंच पक्के करणारा एक मुलगा नानांच्या पदरी असता तर लुबिनचे पितळ चौलच्या धक्क्यावरच उघडे पडले असते.

काकूंना मी शेवटी एवढेच सांगितले, की पुन्हा अर्ज करा, शेताचे आणि पेन्शनचे कागद नीट जोडा, आणि मुलीला म्हणावे, तिकडच्या आपल्या वकिलातीत तू आधी नाव नोंदव. तिने ते नोंदवलेलेच नव्हते. दोन वर्षे राहत होती.

आमचे पनवेल मावळ लोकसभा मतदारसंघात मोडते. खाडीच्या काठापासून घाट चढून वडगावापर्यंत आणि त्याही पुढे तो पसरला आहे. म्हणजे इंग्रजांची ती फौज ज्या वाटेने गेली, जवळजवळ तीच वाट आमच्या उमेदवाराला मतांसाठी तुडवावी लागते. पुढच्या खेपेला तो पळस्प्याला येईल तेव्हा त्याला मी चहा देणार आहे आणि विचारणार आहे, की २०१८ चे ते विधेयक तुम्ही पुन्हा मांडणार की नाही; आमच्या बोटीवरच्या आणि आखातातल्या पोरांची मतपेटी त्यांच्या वकिलातीत केव्हा जाणार; आणि पगार बुडालेल्या खलाशाने मार्सेच्या आपल्या वकिलातीत पत्र टाकले तर किती दिवसांत उत्तर मिळावे हे कुठे लिहून ठेवले आहे. गटाराचे आणि फाट्यावरच्या खड्ड्यांचे त्यानंतर बोलू.